पुढच्या उन्हाळ्यात

पत्र इंग्रजीत होतं, पण वाचता वाचता मला आपल्या गल्लीतल्या गणपतीच्या वर्गणीची आठवण झाली. २०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. नातवाच्या वेळेला म्हणून मी लेकाकडे अमेरिकेत गेले होते, टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या एका गावात. बाळाची अंघोळ-शेक, सुनेसाठी डिंकाचे लाडू, हे आटोपलं की दुपारी फाटकाजवळच्या पेटीतलं टपाल काढून आणायचं, एवढंच काय ते माझं घराबाहेरचं काम. त्या दिवशी विजेच्या बिलाबरोबर हे पाकीट आलं होतं. आत एका हसऱ्या मुलीचा फोटो आणि खाली मजकूर.

मुलगी दोन घरं सोडून पलीकडची. वय एकोणीस, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती चर्चतर्फे होंडुरासला मिशनवर जाणार होती. दोन महिने. लहान मुलांना बायबलच्या गोष्टी सांगायच्या, शाळेची एक खोली बांधायला हातभार लावायचा. खर्च चार हजार डॉलरच्या वर. तेवढे पैसे तिनं लोकांकडून उभे करायचे होते. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा आणि जमलं तर मदत करा,’ असं लिहून पत्ता घातलेलं कोरं पाकीटही आत ठेवलं होतं.

घरात लगेच दोन तट पडले. सून म्हणाली, “चांगली मुलगी आहे हो आई, बाळ झालं तेव्हा आठ दिवस आपल्या कुत्र्याला तिनंच फिरवलं. पन्नास डॉलर देऊया.” लेक म्हणाला, “मिशनला? धर्मांतराला आपण वर्गणी द्यायची?” आणि दोघं माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. मिशन म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचं, दुसरं धर्म बदलण्याचं. शिवाय २०१८ मध्ये अंदमानजवळच्या सेंटिनेल बेटावर बंदी मोडून गेलेला आणि तिथल्या आदिवासींच्या बाणांनी मेलेला तो अमेरिकन तरुण आठवला. म्हटलं, ही पोर कुठल्या जंगलात चाललीय कुणास ठाऊक.

पण होंडुरास म्हणजे काही तसा प्रकार नाही. मेक्सिकोच्या खाली, मध्य अमेरिकेतला हा छोटा, डोंगराळ, गरीब देश. कॉफी, केळी, मका. स्पॅनिश लोक तिथे पाचशे वर्षांपूर्वी पोचले आणि त्यांच्याबरोबर ख्रिस्ती धर्मही. म्हणजे जिथे ही येशूची गोष्ट सांगायला निघाली होती, तिथल्या माणसांच्या पंधरा-वीस पिढ्या ती गोष्ट ऐकतच मोठ्या झाल्या होत्या! मग धर्मांतर कुणाचं करणार? लेकाचा मुद्दाच निकालात निघाला. पन्नास डॉलर गेले.

दोन दिवसांनी ती आभार मानायला आली. नातवाला आम्ही “बघ, आजी आली” म्हणतो ते तिनं ऐकलं होतं, त्यामुळे तीही मला ‘आजी’च म्हणायला लागली. चहा घेतला, बाळाला मांडीवर घेतलं. मी कोल्हापूरची, म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर अर्थातच काही उमटलं नाही. मी म्हटलं, “अगं, आमच्या गावात अमेरिकन मिशनचं जुनं चर्च आहे, वायल्डर मेमोरियल म्हणतात.” जन्मभर मी त्या पाटीवरचं नाव वाचत आले, पण हे वायल्डर कोण, हे मला तरी कुठं माहीत होतं? तिथल्या सार्वजनिक वाचनालयात एका दुपारी आम्ही दोघींनी मिळून शोध घेतला. सापडलं ते ऐकून तिच्याइतकीच मीही थक्क झाले.

रॉयल वायल्डर हे अमेरिकन पाद्री १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढे कुटुंब अमेरिकेला परतलं, रॉबर्ट प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसेच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं महिनाभराचं शिबिर भरलं. २५१ मुलं होती. या रॉबर्टनं तिथे मिशनचा विषय लावून धरला आणि शिबिर संपताना शंभर जणांनी परदेशी मिशनवर जाण्याची शपथ घेतली. घरी त्याची बहीण ग्रेस नेमक्या याच आकड्यासाठी देवाला साकडं घालून बसली होती. त्या शिबिरातून जी विद्यार्थी चळवळ निघाली, तिच्यातून पुढच्या काही दशकांत वीस हजारांहून जास्त तरुण-तरुणी जगभर गेले. भावाचं नाव पुस्तकांत मोठं झालं. बहीण ग्रेस मात्र आईला घेऊन परत कोल्हापूरकडे आली आणि खेड्यापाड्यांत काम करत राहिली.

आणि त्याच्याही आधीची गोष्ट उन्हाळ्याचीच. १८०६ च्या ऑगस्टमध्ये विल्यम्स कॉलेजची पाच मुलं वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली आणि आपण परदेशी धर्मप्रसाराला जायचं, असं त्यांनी ठरवलं. त्यातून अमेरिकेची पहिली परदेशी मिशन संस्था उभी राहिली आणि तिची माणसं १८१३ मध्ये आली ती आपल्या मुंबईत. त्याच कॉलेजात शिकलेले गॉर्डन हॉल मराठी शिकले, इथेच राहिले आणि १८२६ मध्ये नाशिकहून परतताना कॉलऱ्यानं गेले. त्या पहिल्या तुकडीत हॅरिएट न्यूएल नावाची नवी नवरी होती. कंपनी सरकारनं कलकत्त्यात थारा दिला नाही म्हणून पुन्हा जहाजात बसावं लागलं. वाटेत बाळंत झाली, बाळ गेलं आणि १८१२ च्या नोव्हेंबरात मॉरिशसला तीही गेली. वय एकोणीस.

आमची शेजारीण तिथे वाचायची थांबली. “माझ्याएवढी,” म्हणाली.

ही माणसं सगळी संत होती, असं मला म्हणायचं नाही. त्यांनी आपल्या देवांना नावं ठेवली, आपल्याला अंधारात चाचपडणारे म्हणून घरी पत्रं धाडली, हेही त्यांच्याच कागदांत आहे. पण आली ती राहायला आली. १८२७ मध्ये मुंबईत उतरलेल्या सिंथिया फरार पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या, १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतिराव फुले पुण्याला परतले आणि पुढे काय झालं ते तुम्हा-आम्हाला ठाऊकच आहे. मिरजेचे डॉ. वानलेस १८८९ मध्ये आले ते १९२८ मध्ये परत गेले. माझ्या सासूबाईंच्या तोंडी मिरजेचं ते हॉस्पिटल म्हणजे दुसरं माहेर असल्यासारखंच असायचं.

मग हे दोन महिन्यांचं मिशन कुठून आलं? विमानातून, असं म्हणायला हरकत नाही. १९५७ च्या उन्हाळ्यात जॉर्ज व्हर्वर नावाचा कॉलेजचा मुलगा दोन मित्रांना घेऊन जुन्या ट्रकमधून मेक्सिकोत धर्मपुस्तकं वाटायला गेला. पुढे तिकिटं स्वस्त झाली, सुट्टीत जाऊन परत येणं जमायला लागलं आणि बघता बघता हा दरवर्षीचा रिवाजच होऊन बसला. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांनी २००५ च्या पाहणीवरून अंदाज बांधला होता, की वर्षाला सोळा लाखांच्या आसपास अमेरिकन प्रौढ चर्चमार्फत असे परदेशी दौरे करतात. शाळकरी मुलं त्यात धरलेलीच नाहीत. बहुतेक दौरे आठ-दहा दिवसांचे. आपल्याकडे जशी पोरं एनएसएसच्या शिबिराला जातात, साधारण तसंच, फक्त पासपोर्ट घेऊन!

निघायच्या आधी महिनाभर तिची धावपळ चालू होती. चर्चच्या आवारात गाड्या धुऊन पैसे जमवले, केक करून विकले, एकसारखे शर्ट छापून घेतले. तिच्या आईला आणि मला बोलायला तोडकंमोडकं इंग्रजी पुरत होतं. लसी झाल्या का, पाणी उकळून पी म्हणावं, रात्रीचं एकटं बाहेर पडू नको म्हणावं. आईची काळजी सगळीकडे सारखीच, देश कुठलाही असो. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी मागच्या बाकावर बसून बघत होते. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. लेक सासरी निघाल्यासारखं ते दृश्य होतं.

ऑगस्टमध्ये ती परत आली. काळवंडलेली, वाळलेली आणि गप्प. चर्चमध्ये तिला बोलायला पाच मिनिटं दिली होती. पडद्यावर फोटो दाखवले, गोंडस मुलं दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभी. म्हणाली, “आजी, तुम्ही ती हातानं थापायची भाकरी करता ना? मला शिकवा.”

तिथे तिचं राहणं-जेवण होतं त्या घरातल्या स्वयंपाकीणबाईंना सगळे ‘दोन्या’ म्हणत. स्पॅनिशमध्ये तो मानाचा शब्द, आपल्या ‘काकू’, ‘बाई’सारखा. दोन्या मका चुन्याच्या पाण्यात उकडून, दळून, त्याच्या छोट्या छोट्या भाकऱ्या दोन्ही हातांत थापून तव्यावर टाकायच्या. हिच्या हातून दोन महिन्यांत एकही गोल झाली नाही. तिथल्या लोकांचं दुसरं आवडतं खाणं म्हणजे बालेआदा. गव्हाच्या जाडसर पोळीत लाल घेवड्याची घोटलेली उसळ, चीज आणि साय घालून पोळी दुमडायची. मी म्हटलं, हे तर आपल्या पोळीच्या गुंडाळीचं मोठं भावंड झालं! मग परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, उकळतं पाणी ओतलं आणि पीठ मळता मळता ती बोलायला लागली. त्या चार-पाच सकाळींत तिनं जे सांगितलं, ते चर्चच्या पडद्यावर आलेलं नव्हतं.

ती दोन महिने तिथे होती, पण गट दर आठवड्याला बदलत होते. शनिवारी एक गट जायचा, दुसरा यायचा, नव्या रंगाचे शर्ट घालून. प्रत्येक गट पोरांना त्याच गोष्टी सांगायचा, कारण सगळ्यांनी एकाच पुस्तकातून तयारी केलेली. माशाच्या पोटातल्या योनाची गोष्ट तिसऱ्यांदा सुरू झाली, तेव्हा पोरंच पुढचं सांगायला लागली. सांगणारा विसरला की एक मुलगा हळूच आठवण करून द्यायचा. पाहुण्यांना वाटायचं, काय हुशार मुलं आहेत!

दुसरं म्हणजे, जून-जुलैत तिथे सुट्टीच नसते. होंडुरासमधल्या सरकारी शाळा फेब्रुवारीत सुरू होतात आणि नोव्हेंबरपर्यंत चालतात. हे सगळे सकाळी नऊला तयार होऊन बसायचे आणि पोरं शाळेत! मग सकाळचं बांधकाम. गवंडी होता दोन्यांचा भाऊ. त्याचं काम काय, तर पंधरा-सतरा कॉलेजच्या पोरांना सिमेंट कसं कालवायचं हे रोज नव्यानं शिकवायचं आणि त्यांनी वाकडी लावलेली वीट ते जेवायला गेले की नीट करायची. एकदा तो हिला सहज म्हणाला, “तुमच्या विमानाचं तिकीट केवढ्याला पडतं?”

“आजी, मी खोटं बोलले. निम्मी किंमत सांगितली.” पिठाच्या हातानं तिनं कपाळावरचे केस मागे सारले. “त्यानं ती निम्मी किंमतही त्यांच्या पैशात मनातल्या मनात गुणली. काही बोलला नाही. विटा उचलायला लागला.”

हा हिशेब करणारा तो एकटा नाही. १९९८ मध्ये मिच नावाच्या चक्रीवादळानं होंडुरासची धूळधाण केली, हजारो माणसं गेली, घरं वाहून गेली. नंतर अमेरिकेतून चर्चचे गटच्या गट घरं बांधायला गेले. कर्ट व्हर बीक हे समाजशास्त्रज्ञ होंडुरासमध्येच राहणारे आणि स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती. त्यांनी या घरांचा अभ्यास करून तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. परदेशी गटांनी बांधलेलं घर प्रवासखर्चासकट सरासरी तीस हजार डॉलरला पडलं होतं, आणि स्थानिक संस्थेनं स्थानिक गवंड्यांकडून बांधून घेतलेलं तसंच घर दोन हजार डॉलरला. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा. घर मिळालेल्या माणसांच्या आयुष्यात मात्र ते कुणी बांधलं यानं काही फरक पडलेला दिसला नाही. जाऊन आलेले म्हणत, या प्रवासानं आमचं आयुष्य बदललं, आता आम्ही जास्त दान देतो. चर्चच्या वह्या तपासल्या, तर दानाचे आकडे जवळपास होते तिथेच.

यावर चर्चवाल्यांचं उत्तर असतं, की पोरं गेली नसती तर एवढे पैसे जमलेच नसते. त्यातही तथ्य आहे. शेजारच्या मुलीच्या फोटोसाठी आम्ही पन्नास डॉलर दिले, होंडुरासच्या गवंड्यासाठी कुणी मागितले असते तर दिले असते का? आणि सगळेच दौरे एका मापानं मोजता येणार नाहीत. मोतीबिंदूची ऑपरेशनं करणारा डॉक्टरांचा गट आठ दिवसांत जे करून येतो, ते त्या गावातल्या म्हातारीला विचारावं. प्रश्न हातात काही कौशल्य नसलेल्या, मनानं चांगल्या पोरांचा आहे. अनाथाश्रमात तर तो फारच नाजूक होतो. तिथल्या बहुतेक मुलांचे आईवडील, निदान दोघांतलं एक तरी, हयात असतं. दर आठवड्याला नवं माणूस येतं, कडेवर घेतं, जीव लावतं आणि शनिवारी निघून जातं.

पाचव्या दिवशी भाकरी फुगली. त्या आनंदात ती एका मुलीविषयी बोलली. सात वर्षांची, दोन्यांच्या शेजारची. रोज संध्याकाळी हिच्या केसांच्या वेण्या घालायची. निघताना विचारलं, परत कधी येणार? हिनं तोवर शिकलेल्या स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं, पुढच्या उन्हाळ्यात. उन्हाळ्याला त्यांचा शब्द ‘व्हेरानो’.

माझा हात तव्यावरच थांबला. मी विचारलं, “तू होतीस तेव्हा तिथे पाऊस होता ना गं?”

“हो, रोज दुपारी.”

“मग ती त्याला उन्हाळा कशी म्हणेल?”

सुनेनं फोनवर शोधून बघितलं. तसंच निघालं. मध्य अमेरिकेत ‘व्हेरानो’ म्हणजे कोरडे, उन्हाचे महिने, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मे-जूनला पाऊस सुरू झाला की लोक त्याला ‘हिवाळा’ म्हणतात. म्हणजे ती पोर पाऊस थांबला की हिची वाट बघायला लागणार होती.

हे मला सुचलं ते काही मी हुशार म्हणून नव्हे. ही चूक मी स्वतः एकदा केली होती. मग तव्याखालचा गॅस बंद केला आणि तिला सगळं सांगितलं.

१९९६ च्या जुलैमध्ये आमच्या भागातल्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात परदेशातल्या एका चर्चच्या कॉलेज विद्यार्थ्यांचा गट आला होता. पंधरा दिवस. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून दुभाषी मीच. त्यांनी भिंतींवर फुलपाखरं रंगवली, मुलींना गाणी शिकवली, ढीगभर फोटो काढले. दरवर्षी दिवाळीआधी त्या भिंतींना चुना लावणारा रंगारी मात्र त्या वर्षी हात हलवत परत गेला. आठवीतली एक मुलगी त्यांच्यातल्या एकीला फार लागली होती. आई-वडील बीडकडचे, ऊसतोडीला आमच्याकडे यायचे, म्हणून पोरीला शिकायला इथेच ठेवलेली. निरोपाच्या दिवशी तिनं माझ्यामार्फत विचारलं, परत कधी येणार? पाहुणी म्हणाली, “नेक्स्ट समर.” आणि मी, इंग्रजीची शिक्षिका, भाषांतर करून मोकळी झाले, “पुढच्या उन्हाळ्यात येणार आहे गं. पत्र पण लिहिणार आहे.”

वर्षभर पत्र आलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये सुट्टी लागली, सगळ्या मुली घरोघरी गेल्या. ही गेली नाही. पाहुणी येणार आहे म्हणून हटून बसली आणि स्वयंपाकाच्या मावशींच्या खोलीत महिनाभर राहिली. ऊसतोडीवरून आई-बाप गावी परतलेले असतात, लेकराला घरी ठेवून घेता येतं, तो तेवढाच काय तो महिना. मी सुट्टीत माहेरी होते. हे मला जूनमध्ये शाळा उघडल्यावर मावशींकडून कळलं. पाहुणीच्या मनातला ‘समर’ जून-जुलैचा, म्हणजे आपला पावसाळा, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. अर्थात जून-जुलैतही कुणी आलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण पाहुणीनं एक शब्द टाकला होता, आणि त्या शब्दाला चुकीचा महिना लावून दिला होता मी. त्या पोरीला मी तेव्हा काही बोलले नाही. काय बोलणार होते?

शेजारच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे दोन्यांना फोन लावला. मोडक्या स्पॅनिशमध्ये, हातवारे करत, मी व्हेरानो म्हणाले ते चुकून, मला पावसातला म्हणायचं होतं, असं काहीबाही सांगत होती. पडद्यावर दोन्या दिसत होत्या, सत्तरीच्या, कमरेला एप्रन, मागे चूल. त्या खळखळून हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मुलीचा चेहरा पडला. फोन ठेवल्यावर तिनं मला सांगितलं, “त्या म्हणाल्या, काळजी करू नको. सगळेच असं सांगून जातात. मी पोरांना शिकवलंय, हो म्हणायचं आणि गोड हसायचं.”

दोन दिवस ती आमच्याकडे फिरकली नाही. मला वाटलं, उगाच सांगितलं. कोवळ्या पोरीच्या चांगुलपणावर मी पाणी ओतलं की काय? सुनेनंही मला बोलून दाखवलं, “आई, तुमची पंचवीस वर्षांची टोचणी तुम्ही तिच्या गळ्यात घातलीत.” त्यात खोटं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती आली ती कागद घेऊन. तिनं दोन्यांना विचारलं होतं, की खरं सांगा, तुम्हाला काय हवंय. उत्तर यायला एक दिवस लागला होता. दोन्यांनी चार ओळी पाठवल्या होत्या. शाळेला काळे बूट लागतात, ते अकरा मुलांकडे नाहीत. खोलीचं छप्पर भावाला करू दे, त्याचे पैसे त्याला द्या. गट आणायचे तर शाळेला सुट्टी असते तेव्हा, डिसेंबर-जानेवारीत आणा. आणि तू एकटी आलीस तर माझ्याकडे उतर, पण भाकरी शिकून ये.

हा कागद ती चर्चच्या समितीपुढे घेऊन गेली. बुटांचे पैसे लगेच जमले. छपराचे अर्धे जमले. गटांच्या तारखा मात्र बदलल्या नाहीत, कारण डिसेंबरात नाताळ असतो, सगळ्यांना घरी राहायचं असतं, आणि अमेरिकेतल्या कॉलेजांना लांब सुट्टी असते ती जून-जुलैतच. मी नोव्हेंबरात परत आले. सून सांगते, २०२४ च्या उन्हाळ्यात ती गेली नाही, तिला हॉस्पिटलच्या ड्यूट्या लागल्या. स्पॅनिशचा वर्ग लावलाय. डॅलसच्या त्या हॉस्पिटलात निम्मे पेशंट स्पॅनिशच बोलणारे येतात म्हणे. वेण्या घालणाऱ्या पोरीला तिनं काय सांगितलं, ते काही मला कळलेलं नाही.

कोल्हापूरला परतल्यावर मी एक काम केलं. माझ्या त्या आठवीतल्या विद्यार्थिनीचा नंबर मिळवला. आता ती सांगलीला एका दवाखान्यात सिस्टर आहे, चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. फोन केला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी भीत भीत विषय काढला. म्हटलं, तुला ती परदेशी पाहुणी आठवते का गं? आणि ते ‘नेक्स्ट समर’?

“आठवते की बाई. तिनं शिकवलेलं गाणं माझी धाकटी अजून म्हणते.”

“तू त्या सुट्टीत घरी गेली नाहीस. माझ्या चुकीनं. मी तेव्हा...”

“आई लई रडली होती मग दिवाळीला,” ती मध्येच म्हणाली. पलीकडून कुणीतरी सलाईन संपल्याचं सांगत होतं. “आले, आले. बाई, मी पत्राची लई दिवस वाट बघितली बरं का. पोस्टमन मला लांबनंच मान हलवून नाही म्हणायचा.”

“मग?”

“मग काय बाई. दहावी आली.”